रुळांखाली दडलेला तंबोरा

घरात लघुरेल्वे मांडणाऱ्या छांदिष्टांची जुनी तक्रार म्हणजे गाडीची घरघर. ती नेमकी कुठून येते आणि बेताच्या खर्चात कशी आटोक्यात आणता येते, याचा हा मागोवा.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या इमारतीत एका रात्री दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. अत्यंत संकोचाने त्यांनी विचारले, "काका, रात्री साडेदहाला घरघंटी लावता का हो तुम्ही? सासूबाईंची झोप मोडते. त्या म्हणतात, वर कुणीतरी दळण दळतंय."

आमच्या घरात घरघंटी नाही. होती ती रेल्वे. आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर मांडलेली, तळहातावर मावेल एवढ्या इंजिनाची. एवढेसे इंजिन आणि चार डबे छताच्या स्लॅबमधून खालच्या माणसाला जागे करू शकतात, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यानंतर काही दिवस गाडी बंदच राहिली. ती कायमची बंद करावी, असा विचारही मनात आला. परंतु ती बंद करणे सोपे नव्हते. कारण ती ज्या रेल्वेची प्रतिकृती आहे, ती रेल्वे आता जमिनीवर उरलेली नाही.

तीन गेजचा जिल्हा

सोलापूरला रेल्वे आली ती १८६० मध्ये, 'जीआयपी' कंपनीची ब्रॉडगेज. पुढे होटगीहून गदगकडे मीटरगेज गेली, आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीकडे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज सुरू केली. अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचला. एकाच जिल्ह्यात रुळांच्या तिन्ही रुंदी नांदत होत्या. सन २००० नंतरच्या दशकभरात टप्प्याटप्प्याने सर्व मार्ग ब्रॉडगेज झाले. प्रवाशांची सोय झाली, ते योग्यच झाले. परंतु वारीच्या दिवसांत ओसंडून वाहणारी ती छोटी गाडी आता केवळ आठवणीत आहे.

लघुरेल्वेच्या जगात तिला मात्र सोयीची जागा आहे. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण म्हणजे 'एचओ', अर्थात मूळ वस्तूच्या एक सत्त्याऐंशांश. ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात; आणि याहून लहान अशा 'एन' प्रमाणासाठी बनणारे रूळ नऊ मिलिमीटर रुंदीचे असतात. म्हणजे बाजारात तयार मिळणाऱ्या रुळांवर बार्शी लाइट जवळजवळ अचूक मापात उभी करता येते. आपल्या ब्रॉडगेजला हे भाग्य नाही. १६७६ मिलिमीटरचे मूळ माप एचओ प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते, आणि तयार एचओ रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचे.

हा छंद महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून पाहणाऱ्यांना चकित करीत आले आहे. तेथील खेळ पाहून आलेल्या कित्येक मुलांनी घरी रुळांचा एखादा संच आणण्याचा हट्ट धरला असेल. मात्र स्वतंत्र दालनात चालणारी गाडी वेगळी आणि दोन खोल्यांच्या घरात, शेजाऱ्यांच्या डोक्यावर चालणारी गाडी वेगळी. घरात हा छंद टिकायचा तर आवाजाचा प्रश्न सोडवावाच लागतो.

आवाज करते कोण?

प्रथमदर्शनी वाटते की आवाज गाडीचा आहे. एक साधा प्रयोग हा समज दूर करतो. रुळाचे दोन-तीन तुकडे जोडून ते घडी घातलेल्या जाड गोधडीवर ठेवावेत आणि त्यावरून इंजिन चालवावे. मोटारीची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येते. तेच तुकडे उघड्या प्लायवूडवर ठेवले की घरघर सुरू होते. इंजिन तेच, रूळ तेच. बदलली ती फक्त खालची बैठक.

शाळेत नादकाट्याचा प्रयोग सर्वांनी केलेला असतो. हातात धरलेल्या नादकाट्याचा आवाज कानाजवळ नेल्याखेरीज ऐकू येत नाही. त्याची दांडी बाकावर टेकवली की तो साऱ्या वर्गाला ऐकू जातो. काट्याच्या बारीक भुजा फारशी हवा हलवू शकत नाहीत. बाकाची विस्तृत फळी मात्र पुष्कळ हवा हलविते.

आपल्या भागातील उदाहरण द्यायचे तर तंबोऱ्याचे देता येईल. पंढरपूर परिसरात पिकणारे मोठे भोपळे मिरजेला जातात आणि तेथील कारागीर त्यांतून तंबोरे व सतारी घडवितात. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर तिचा नाद क्षीण असतो. ती घोडीवर टेकते, घोडी तिची कंपने तबलीच्या पातळ लाकडाला देते, आणि तबलीखालच्या पोकळ भोपळ्यात ती घुमतात. म्हणून तंबोरा मैफल भरून टाकतो.

आता आपली मांडणी पाहावी. चाकांमुळे थरथरणारा रूळ ही तार. तो प्लायवूडला घट्ट जखडणारा स्क्रू किंवा खिळा ही घोडी. प्लायवूडचा पातळ, ताणलेला पृष्ठभाग ही तबली, आणि मेजाखालची पोकळी हा भोपळा. जो आवाज वाढविण्यासाठी मिरजेचे कारागीर कौशल्य पणाला लावतात, तो आपण नकळत फुकटात साधलेला असतो. आवाज कमी करायचा म्हणजे चांगला तंबोरा बांधण्याचे सारे नियम उलटे करायचे. एवढे सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे उपाय आपोआप सुचतात.

खरेदीपूर्वी चाचणी

घाईने साहित्य विकत आणण्यापूर्वी आवाजाचे मूळ शोधावे. इंजिन उचलून बाजूला ठेवावे आणि डबे हाताने ढकलावेत. घरघर तशीच राहिली तर दोष मोटारीचा नाही, चाकांचा आणि बैठकीचा आहे. मग गाडी चालू ठेवून प्लायवूडवर निरनिराळ्या जागी तळवा दाबून पाहावा. एखाद्या जागी दाबताच आवाज एकदम उतरला तर तेथे फळी मोकळी थरथरत आहे, तिला खालून आधार नाही, असे समजावे.

भ्रमणध्वनीवर आवाज मोजण्याची अ‍ॅप मिळतात. त्यांचा आकडा प्रमाणित मापकाइतका विश्वसनीय नसतो. परंतु भ्रमणध्वनी एकाच जागी ठेवून 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करण्यास तो पुरेसा असतो. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल कमी झाले म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी मात्र सुमारे दहा डेसिबल उतरावे लागतात. त्यामुळे कोणताही एक उपाय चमत्कार घडवीत नाही. तीन-चार उपायांची जोड द्यावी लागते.

रूळ, चाके आणि वेग

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेग कमी करणे. नॅरोगेजची गाडी ताशी तीस किलोमीटर वेगाने धावते असे मानले, तर एचओ प्रमाणात तिने सेकंदाला जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर अंतर कापायला हवे. आठ फुटांची बाजू ओलांडायला तिला सुमारे पंचवीस सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक घरांत ती चार-पाच सेकंदांतच पलीकडे पोहोचते. वेग वाढला की घरघरही वाढते. शिवाय प्रमाणाबाहेर पळणारी गाडी खेळण्यासारखीच दिसते.

दुसरा उपाय स्वच्छतेचा. रुळांवर आणि चाकांवर धूळ व तेलाचा काळा थर साचतो. त्यामुळे चाके गुळगुळीत न फिरता खडखडतात आणि वीजपुरवठाही तुटक होतो. सोलापूरच्या धुळीत महिन्यातून एकदा रूळ पुसणे हिताचे. डब्यांच्या आसांना आणि इंजिनाच्या दातेरी चाकांना प्लास्टिकला अपाय न करणारे हलके तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढेच, द्यावे.

तिसरी बाब सांध्यांची. संचातील आखूड तुकड्यांऐवजी सुमारे एक्याण्णव सेंटिमीटर लांबीचे लवचिक रूळ वापरले की सांध्यांची संख्या बरीच घटते. उरलेल्या सांध्यांत दोन्ही रुळांची डोकी एका पातळीत आहेत का, हे बोट फिरवून पाहावे आणि उंचवटा बारीक कानशीने घासून काढावा. सारे सांधे डाख देऊन जोडण्याचा मोह मात्र आवरावा. तापमानात पंचवीस अंशांचा फरक पडला तर एक मीटर लांबीचा रूळ सुमारे ०.४ मिलिमीटरने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे जखडलेला दहा मीटरचा मार्ग मे महिन्याच्या दुपारी चार मिलिमीटर जागा मागतो, आणि ती न मिळाल्यास बाक काढून रुळावरून गाडी घसरवितो. म्हणून थोड्या-थोड्या अंतरावर पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडावी.

घोडी काढून टाका

आता मुख्य उपाय. रूळ आणि प्लायवूड यांच्यामध्ये मऊ थर घालावा, म्हणजे घोडीचा दुवा तुटतो. यासाठी जगभर प्रचलित असलेले साहित्य म्हणजे बूच. एचओ रुळांखाली पाच मिलिमीटर आणि नऊ मिलिमीटरच्या रुळांखाली तीन मिलिमीटर जाडीची बुचाची पट्टी साधारणतः वापरतात. बुचाचे पत्रे हार्डवेअरच्या आणि हस्तकला साहित्याच्या मोठ्या दुकानांत मिळतात. बूच कालांतराने कोरडे होऊन कडक होते, हा त्याचा दोष. योगासनांच्या फोमच्या चटईतून कापलेली पट्टी त्याहून मऊ असते. परंतु फार मऊ थरावर रूळ लचकतो आणि सांधे हलतात. आवाज कमी आणि मार्गही स्थिर, असा मध्य साधावा लागतो.

अमेरिकेत या कामासाठी कागदाच्या लगद्यापासून दाबून बनविलेला 'होमासोट' नावाचा तक्ता लोकप्रिय आहे. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे शाळा-कार्यालयांतील सूचनाफलकांसाठी वापरला जाणारा सॉफ्टबोर्ड. प्लायवूडवर सॉफ्टबोर्ड, त्यावर बूच आणि त्यावर रूळ अशी रचना केली तर कंपनांना दोन निरनिराळ्या स्वभावांचे थर ओलांडावे लागतात आणि वाटेतच ती बऱ्याच अंशी विरतात. सॉफ्टबोर्ड ओल सहन करीत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

खऱ्या रेल्वेनेही हाच मार्ग पत्करला आहे. काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ थेट टेकत नाही. दोहोंमध्ये खाचा असलेली रबराची पट्टी असते, आणि स्लीपरखाली खडीचा जाड थर. हजारो टनांच्या मालगाडीचे हादरे हे थरच पचवितात.

एवढे करूनही अनेकांची निराशा होते आणि तिचे कारण बहुधा खिळ्यात असते. बूच पसरून झाल्यावर रूळ बसविण्यासाठी खिळा थेट प्लायवूडपर्यंत ठोकला, की काढून टाकलेली घोडी पुन्हा उभी राहते. मऊ थराला वळसा घालून कंपने खिळ्यातून खाली उतरतात. खिळे किंवा टाचण्या केवळ गोंद वाळेपर्यंत ठेवाव्यात आणि नंतर आठवणीने उपटून काढाव्यात.

खडीचा फसवा गोंद

माझी स्वतःची चूक येथेच झाली होती. बूच घातले, खिळे काढले, गाडी बऱ्यापैकी शांत झाली. त्यानंतर रुळांमध्ये बारीक खडी पसरली आणि सर्वत्र सुचविली जाते त्या रीतीने पाणी घालून पातळ केलेला सुतारकामाचा पांढरा गोंद तिच्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी मार्ग दिसायला अप्रतिम झाला आणि आवाज पूर्वपदावर आला.

यात गोंदाचा दोष नव्हता. घट्ट धरणे हेच त्याचे काम. रूळ, स्लीपर, खडी, बूच आणि कडेचे प्लायवूड या साऱ्यांची त्याने एक टणक शिळा केली. त्यावरचे उपाय दोन. पहिला, वाळल्यावरही लवचिक राहणारा रबरी चिकाचा म्हणजे लेटेक्सचा गोंद किंवा चित्रकारांचे अ‍ॅक्रिलिक माध्यम वापरावे. दुसरा, खडी बुचाच्या उतारापाशीच थांबवावी, ती प्लायवूडपर्यंत ओघळू देऊ नये. कडेला राहिलेली बारीक फट सैलसर पसरलेल्या कृत्रिम गवताने झाकता येते. मला नऊ फुटांची खडी कोमट पाण्याने भिजवून, जुन्या दातांच्या ब्रशने खरवडून काढावी लागली. वाचकांनी ते कष्ट वाचवावेत.

तबली लहान करा

तबली जेवढी विस्तृत आणि पातळ, तेवढा नाद मोठा. कडेच्या चौकटीलाच जखडलेले सहा मिलिमीटरचे प्लायवूड म्हणजे ताणून बसविलेली हलगीच. बारा मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे आणि खालून साधारण एक-एक फुटावर उभ्या-आडव्या लाकडी पट्ट्यांचा आधार द्यावा. पट्ट्या सारख्याच अंतरावर न ठेवता थोड्या कमी-अधिक अंतरावर ठेवल्या तर सर्व खाने एकाच स्वरात घुमत नाहीत.

नव्याने मांडणी करणाऱ्यांनी सलग फळीचा विचारच सोडून द्यावा. लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करावी आणि रुळांच्या मार्गापुरती प्लायवूडची अरुंद पट्टी कापून ती छोट्या खुंट्यांवर उचलून धरावी. मधली शेते, टेकड्या, गावे जाळी आणि कागदाच्या लगद्याची करता येतात. तबलीच उरली नाही तर नाद कुठून येणार? शिवाय ओढ्यावरचा पूल किंवा खोलगट भाग दाखविणे यात सोपे जाते.

भोपळा आणि जमीन

मेजाखालच्या पोकळीत घुमणारा आवाज अडविण्यासाठी सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. जुनी जाड सोलापुरी चादर मेजाच्या चारही बाजूंनी चुण्या पाडून सैल सोडावी. ताणून बसविलेल्या कापडापेक्षा चुण्यांचे कापड ध्वनी अधिक शोषते. यामुळे कर्कश, उंच पट्टीचा आवाज उतरतो. खर्जातील घरघर मात्र चादरीला दाद देत नाही. खालच्या मजल्यावर पोहोचते ती हीच घरघर, आणि ती हवेतून नव्हे, तर मेजाच्या पायांतून जाते.

म्हणून शेजाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपाय पायांशी आहे. प्रत्येक पायाखाली जाड रबराचा तुकडा आणि त्याखाली नमद्याचा किंवा गालिच्याचा तुकडा ठेवावा. मेज भिंतीला टेकवू नये. दोन बोटांचे अंतर सोडावे, अन्यथा भिंत हीच नवी तबली होते. आमच्या घरी खालच्या वहिनींना जाणवलेला सर्वांत मोठा फरक या सर्वांत स्वस्त उपायाने पडला. आधी बूच, खडी, गोंद यांवर महिना घालविला होता. तो क्रम उलटा असायला हवा होता.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. ती मर्यादा प्रामुख्याने ध्वनिक्षेपक, वाहने, कारखाने यांच्या कोलाहलाला आळा घालण्यासाठी. घरातील खेळण्यासाठी कुणी ती दाखवीत येणार नाही. तरीही रात्री दहाची वेळ पाळणे हा सौजन्याचा भाग आहे. उपाय कितीही केले तरी झोपलेल्या घराचे कान तीक्ष्ण असतात.

कोणता आवाज ठेवावा?

संपूर्ण शांतता हे ध्येय असावे का, हा प्रश्न शेवटी उरतोच. रेल्वेचे प्रमाण लहान करता येते, आवाजाचे प्रमाण तसे लहान होत नाही. सत्त्याऐंशी पट लहान गाडी सत्त्याऐंशी पट लहान रेल्वेसारखी वाजत नाही; ती रिकाम्या पेटीवरून ओढलेल्या खेळण्यासारखी वाजते. म्हणून प्लायवूडची घरघर घालविल्याने गाडीचे खरेपण कमी होत नाही, उलट वाढते. आता इंजिनात बसणारी, शिट्टी आणि वाफेचे फुत्कार काढणारी इवली ध्वनियंत्रे मिळतात. त्यांचा नाजूक आवाज ऐकू यायचा तर आधी खालची घरघर थांबायला हवी.

एक आवाज मात्र जपावा असा आहे, आणि तो म्हणजे सांध्यांचा ठेका. ब्रॉडगेजचे रूळ पूर्वी तेरा-तेरा मीटरवर फिशप्लेटांनी जोडलेले असत आणि तोच ठेका ऐकत आपल्यापैकी अनेकांची रात्र मुंबईच्या गाडीत सरली आहे. लांबच लांब जोडरूळ आल्यावर तो बहुतांश ठिकाणी नाहीसा झाला. एचओ प्रमाणात तेरा मीटर म्हणजे पंधरा सेंटिमीटर. काही छांदिष्ट लांब लवचिक रुळाच्या डोक्यावर दर पंधरा सेंटिमीटरला कानशीने हलकीशी खूण करतात. बैठक मऊ असेल तर ती खूण खडखडत नाही. चाक तिच्यावरून जाताना फक्त टिकटिकते.

मीही कुर्डुवाडीच्या फलाटासमोरच्या चार फुटांत तशा खुणा केल्या आहेत. गाडी आता साडेनऊच्या आत आवरते. मध्यंतरी जिन्यात भेटलेल्या वहिनींना मी विचारले, "सासूबाईंना आता झोप लागते ना?" त्या म्हणाल्या, "लागते की. पण त्या विचारत होत्या, वरचं दळण बंद का झालं म्हणून. गाडी आहे म्हटल्यावर त्यांना बघायचीय. पंढरपूरला त्या नॅरोगेजनंच जायच्या, लग्नाआधी."

येत्या रविवारी त्या येणार आहेत. जिना चढताना त्यांना हात द्यावा लागेल आणि मेजाशी एक खुर्ची ठेवावी लागेल, अगदी फलाटाजवळ, ठेका ऐकू येईल अशा जागी.